शापित डोंगरांतले वाटाडे

1970 च्या दशकात अल्बानियाच्या सीमेवर पोचलेल्या परदेशी पाहुण्याचे केस मानेखाली वाढलेले असले, तर त्याला आधी न्हाव्यापुढे बसावं लागे. वाढलेली दाढीही उतरवायची. मग सामानाची झडती होई. बायबल, कुराण, परदेशी मासिकं बाजूला काढली जात. पलीकडे 'आल्बतुरिस्त' या सरकारी पर्यटन संस्थेची बस उभी असे, आणि बसमध्ये नेमून दिलेला मार्गदर्शक. एकट्यादुकट्याने मनाला येईल तसं भटकायची सोय नव्हती. यायचं ते गटाने, जेवायचं ते गटाने, पाहायचं तेही ठरलेलं: कारखाना, संग्रहालय, सामुदायिक शेत. रस्त्यातल्या माणसाशी पाहुण्यांच्या गप्पा रंगू नयेत, हे पाहणं मार्गदर्शकाच्या कामातच मोडत होतं.

आज त्याच देशाच्या उत्तरेला जूनपासून सप्टेंबरपर्यंत दहा-बारा जणांचे गट आठ-आठ दिवस डोंगरांतून चालताना दिसतात. पुढे एक स्थानिक वाटाड्या, मागे पाठीवर पिशव्या घेतलेली परदेशी माणसं. वरवर पाहिलं तर चौकट जुनीच आहे. पण पुढे चालणाऱ्या माणसाचं काम पार पालटलं आहे. तेव्हाचा मार्गदर्शक पाहुण्यांना लोकांपासून लांब ठेवायचा. आजचा त्यांना थेट लोकांच्या चुलीपर्यंत नेतो. अल्बानियातली पायी सहल आल्प्समधल्या किंवा स्पेनमधल्या सहलीहून वेगळी का ठरते, याचं उत्तर मला या एका बदलात सापडतं.

देश लहान आहे. 28,748 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. 2023 च्या जनगणनेत लोकसंख्या 24 लाखांच्या आसपास भरली. एकट्या पुणे शहरात याहून जास्त माणसं राहतात. बाकीचे लाखो अल्बानियन इटली, ग्रीस, जर्मनीत पोट भरतात. स्वतःच्या देशाला ते श्चिपेरिया म्हणतात आणि भाषेला श्चिप. ही भाषा आपल्या मराठीसारखीच इंडो-युरोपीय कुळातली, पण त्या कुळात ना ग्रीकच्या घरची, ना स्लाव्ह भाषांच्या. तिची शाखा स्वतंत्र आहे, आणि त्या शाखेवर ती एकटीच उरली आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944 मध्ये, एन्व्हर होजाच्या कम्युनिस्ट पक्षाने सत्ता घेतली. 11 एप्रिल 1985 ला मरेपर्यंत होजाने ती सोडली नाही. मित्र मात्र एकेक करून सोडले: 1948 मध्ये युगोस्लाव्हिया, 1961 मध्ये सोव्हिएत संघ, 1978 मध्ये चीन. 1967 मध्ये देशातल्या सगळ्या मशिदी आणि चर्च बंद झाली. काहींची गोदामं झाली, काही पाडली. खासगी मोटार बाळगायला बंदी होती. आणि चहूबाजूंनी शत्रू चाल करून येणार या धास्तीने देशभर काँक्रीटचे बंकर उभे राहिले, सुमारे 1,73,000. त्या वेळच्या लोकसंख्येच्या हिशेबात दर पंधरा-सतरा माणसांमागे एक. शत्रू आला नाही. बंकर मात्र अजून आहेत: शेताच्या बांधावर, शाळेच्या मागे, थेट खिंडीच्या तोंडाशी. कुत्र्याच्या छत्रीसारखा घुमट आणि बंदुकीपुरती फट. पहिल्या दिवशी सगळे त्यांचे फोटो काढतात, तिसऱ्या दिवशी त्यांच्या सावलीत बसून डबा खातात.

राजधानी तिरानाच्या विमानतळाला मदर तेरेसांचं नाव आहे. त्यांचा जन्म 1910 मध्ये स्कोप्ये शहरातल्या अल्बानियन घरात झाला. त्या कोलकात्यात काम करत असताना त्यांची आई आणि बहीण तिरानात राहत होत्या. आईने मुलीकडे जावं किंवा मुलीने आईला भेटावं, यासाठी केलेल्या खटपटींना सरकारने दाद दिली नाही. आई आणि बहीण दोघीही 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला वारल्या. मदर तेरेसांना देशात पाऊल ठेवता आलं ते 1989 मध्ये, त्यांच्या थडग्यांपाशी जाण्यासाठी. भारतातून जाणाऱ्या माणसाने विमानतळावरची ती पाटी वाचताना एवढं लक्षात ठेवावं. बंद सीमा म्हणजे काय, हे बंकरांपेक्षा या एका घराच्या गोष्टीतून जास्त कळतं.

उत्तरेकडच्या ज्या डोंगरांत आज पायी सहली निघतात, त्यांचं नाव 'ब्येश्कत ए नेमुना', शापित डोंगर. हा पट्टा अल्बानिया, मॉन्टेनेग्रो आणि कोसोव्हो अशा तीन देशांत पसरला आहे. त्यातलं सर्वांत उंच शिखर, माया येझर्त्स, 2,694 मीटरचं. होजाच्या काळात हा पट्टा म्हणजे सरहद्दीचा मुलूख होता. पलीकडे युगोस्लाव्हिया. अलीकडे तारेचं कुंपण, गस्त, आणि पळून जाऊ पाहणाऱ्यावर गोळी. जो निसटला त्याच्या मागे राहिलेल्या कुटुंबाची रवानगी दूरच्या वसाहतींत होई. या पट्ट्यात यायला खुद्द अल्बानियन माणसालाही परवाना लागे. मेंढपाळांच्या शेकडो वर्षांच्या वाटा, ज्यांवरून मुली सासरी गेल्या आणि मेंढरं चरायला गेली, त्या मधोमध कापल्या गेल्या.

म्हणून 'पीक्स ऑफ द बाल्कन्स' या 192 किलोमीटरच्या वर्तुळाकार पायवाटेचं मला फार मोल वाटतं. तिन्ही देशांतून फिरून ही वाट पुन्हा सुरुवातीच्या जागी येते. पुरी करायला साधारण दहा दिवस लागतात. ती आखली गेली 2010 नंतरच्या काही वर्षांत, जर्मन विकास संस्थेच्या मदतीने आणि तिन्ही बाजूंच्या गावांच्या सहभागाने. वाट ज्या ठिकाणी देश बदलते तिथे ना नाका असतो ना शिपाई. एखादा दगडी खांब आणि चरणाऱ्या मेंढ्या. अट एकच, सीमा ओलांडण्याची परवानगी आधी काढून ठेवायची. ती कागदपत्रं गटासाठी वाटाड्याची संस्थाच पाहते.

पण पाहुण्यासोबत चालत जाण्याची रीत इथे आल्बतुरिस्तच्या कितीतरी आधीची आहे. आजच्या वाटाड्याचा खरा पूर्वज तिथे शोधावा लागतो.

डोंगरातल्या टोळ्या शतकानुशतकं एका तोंडी चालत आलेल्या कायद्याने वागत होत्या. लेक दुकाज्यिनी या पुरुषाच्या नावाने ओळखला जाणारा 'कानून'. शब्द आपल्या ओळखीचाच. श्त्येफन ग्येचोव्ही या फ्रान्सिस्कन पाद्र्याने गावोगाव फिरून तो गोळा केला. 1929 मध्ये त्यांची हत्या झाली, आणि संकलन पुस्तकरूपाने आलं ते 1933 मध्ये. या कानूनात पाहुण्याचं स्थान सर्वांत वरचं. दार ठोठावणारा कोणीही असो, त्याला भाकरी, मीठ आणि मनापासूनची जागा द्यायची. आपल्याकडे मीठभाकर म्हणतात, तेच शब्द तिथे कायद्यात बसले आहेत. पाहुणा निघाला की घरातला एक माणूस त्याच्याबरोबर चालत निघे, आणि पाहुणा सांगेल त्या ठिकाणापर्यंत त्याला पोचवे. वाटेत पाहुण्याला इजा झाली तर तो अपमान यजमानाचा, आणि त्याचा बदला घेणंही यजमानाचंच कर्तव्य. पोचवणारा पाठ फिरवून परत निघाला की जबाबदारी संपे. दिलेल्या शब्दाला, त्या शब्दाने मिळणाऱ्या संरक्षणाला म्हणतात 'बेसा'. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा देशात असताना अल्बानियन कुटुंबांनी आपल्या देशातल्या आणि बाहेरून आश्रयाला आलेल्या ज्यूंना घरांत लपवलं. युद्ध संपलं तेव्हा देशातल्या ज्यूंची संख्या युद्धाआधीपेक्षा जास्त होती. युरोपात असं क्वचितच कुठे घडलं.

या कानूनाची दुसरी बाजू झाकून ठेवणं बरोबर नाही. खुनाचा बदला खुनाने, हाही त्याच कायद्याचा भाग. ज्या घरावर रक्ताचं देणं असे, त्यातले पुरुष घराबाहेर पडत नसत, कारण घराच्या आत त्यांना मारणं निषिद्ध होतं. थेथ गावात असा एक जाड भिंतींचा, अरुंद झरोक्यांचा दगडी मनोरा अजून उभा आहे. आत कोंडून घेतलेला माणूस तिथे तडजोडीची वाट पाहत दिवस काढी. बायकांना या बदल्यातून सूट होती, पण वारसा नव्हता आणि पंचायतीत आवाजही नव्हता. तो हवा असेल तर आजन्म अविवाहित राहण्याची शपथ घेऊन पुरुषाच्या वेषात, पुरुष म्हणून जगावं लागे. अशा शपथ घेतलेल्या बायका विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत होत्या. इस्माईल कादारे यांच्या 'ब्रोकन एप्रिल' या कादंबरीत हे रक्ताचं गणित त्याच्या सगळ्या कठोरपणासह आलं आहे. सहलीआधी एकच पुस्तक वाचायचं असेल तर ते वाचावं. पाहुण्यासाठी जीव टाकणारी आणि हिशेबासाठी जीव घेणारी माणसं वेगवेगळी नव्हती. चांगला वाटाडा हे दोन्ही सांगतो. नुसत्या पाहुणचाराच्या गोष्टी सांगणाऱ्याकडून तुम्हाला निम्माच मुलूख कळेल.

एडिथ डरहॅम ही इंग्रज बाई 1908 मध्ये याच डोंगरांतून फिरली आणि पुढच्या वर्षी तिचं 'हाय अल्बानिया' हे पुस्तक आलं. एकटी बाई, तीही बंदुकांच्या मुलखात. तिला काही झालं नाही याचं कारण हीच रीत: एका टोळीचा माणूस तिला दुसऱ्या टोळीच्या हद्दीपर्यंत पोचवी, तिथून पुढचा माणूस घेई. डोंगरातल्या लोकांनी तिला पुढे 'डोंगरवासीयांची राणी' म्हटलं. आजचे गट थोड्याफार फरकाने तिच्याच वाटांवरून जातात.

ठराविक सहल सुरू होते श्कोडर शहरातून. शहराच्या टोकाला रोझाफा किल्ला आहे. त्याची दंतकथा ऐकली की मराठी माणूस चमकतो. तीन भाऊ दिवसा भिंत बांधत आणि रात्री ती ढासळे. अखेर धाकट्या भावाच्या बायकोला, रोझाफाला, भिंतीत चिणलं. तान्ह्या बाळासाठी तिने एक स्तन, एक डोळा, एक हात आणि एक पाय मोकळा ठेवायला सांगितला. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची कथाही अशीच: पुन्हा पुन्हा ढासळणारा बुरुज, आणि पायात गाडलेले मुलगा आणि सून. इतक्या दूरच्या दोन डोंगरी मुलखांना एकच भीती वाटली आणि दोघांनीही ती घरातल्या सुनेवर ढकलली.

दुसरा दिवस पाण्यावर. ड्रीन नदीवर कम्युनिस्ट राजवटीच्या शेवटच्या दोन दशकांत मोठी धरणं झाली, आणि कोमान धरणामागे अरुंद घळीतून वळणं घेणारा जलाशय तयार झाला. कोमानहून फिएर्झापर्यंत बोटीने अडीच-तीन तास लागतात. बामणोलीहून शिवसागरातल्या लाँचने वासोट्याच्या पायथ्याला गेलेल्यांना या प्रवासाची चव ठाऊक आहे, फक्त इथे दोन्ही बाजूंच्या कड्यांमधलं अंतर फार थोडं. काठावरच्या वाड्यांना रस्ता नाही. मधेच बोट कड्याला लागते, एखादी म्हातारी पिठाचं पोतं घेऊन उतरते आणि कुठेच घर दिसत नसलेल्या चढाला लागते. देशातली बहुतेक वीज पाण्यापासून तयार होते, आणि त्यातला मोठा वाटा या एकट्या नदीचा.

फिएर्झाहून गाडीने व्हाल्बोनाच्या खोऱ्यात. आणि मग या सहलीचा गाभा: व्हाल्बोना ते थेथ.

सुरुवात नदीच्या कोरड्या पात्रातून होते. पांढऱ्याशुभ्र गोट्यांचं रुंद पात्र, भर उन्हाळ्यात डोळे दिपवणारं. आपला सह्याद्री बेसाल्टचा, लाव्हाच्या थरांचा. हे डोंगर चुनखडीचे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवत भेगांतून खाली उतरतं. त्यामुळे माथ्यावर पाणी ठरत नाही. ते डोंगराच्या पोटातल्या पोकळ्यांतून वाहतं आणि कुठेतरी खाली, बर्फासारखं थंड होऊन, एकदम उसळतं. थेथच्या खालच्या अंगाला 'निळा डोळा' नावाचा डोह आहे, त्याचा तो रंग चुनखडीतून गाळून आलेल्या पाण्यामुळे. सह्याद्रीत गडावर चढलं की कातळात खोदलेलं टाकं भेटेल अशी आशा असते. इथे ती धरू नका. खिंड ओलांडेपर्यंतचं पाणी, माणशी निदान दोन लिटर, पाठीवर हवं.

पात्र सोडलं की बीच वृक्षांचं जंगल लागतं. गुळगुळीत करड्या खोडांची उंच झाडं, खाली पानांचा जाड थर, आणि सावली इतकी गच्च की घाम गार पडतो. मग झाडी संपते आणि घसारा सुरू होतो. व्हाल्बोनाची खिंड साधारण 1,800 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून उंच. पण खोऱ्याचा तळच साडेनऊशे-हजार मीटरवर असल्याने प्रत्यक्ष चढाई बारी गावातून कळसूबाई चढण्याएवढीच होते. पलीकडचा उतार जास्त लांब, थेथपर्यंत हजार मीटरचा. गुडघ्यांची परीक्षा तिथे होते.

किती वेळ लागेल हे वाटाडा कसं ठरवतो? विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ठोकताळा दिला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. ही वाट सुमारे 14 किलोमीटरची, चढाई साडेआठशे मीटरच्या आसपास. म्हणजे सव्वाचार तास. पण ठोकताळा धडधाकट, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. गटात बारा माणसं असतील तर बारा वेळा बुटाची नाडी सुटते. उताराचा वेळही वेगळा धरावा लागतो. म्हणून वाटाडा सात-आठ तास धरून चालतो आणि सकाळी लवकर निघायचा हट्ट करतो. उन्हाळ्यात दुपारनंतर या शिखरांवर ढग जमतात आणि विजा कडाडतात.

त्याचं बाकीचं काम सहज नजरेत भरत नाही. तो पहिला तासभर मुद्दाम मंद चालतो, म्हणजे सर्वांत सावकाश चालणाऱ्याला आपण मागे पडलो असं वाटत नाही. कोणाचा श्वास कसा लागतोय, कोणी पाणी पीत नाहीये, हे तो बोलता बोलता टिपतो. मेंढपाळांची दांडगी कुत्री दिसली की तो गटाला एकत्र आणतो, लांबून हाळी घालतो आणि मेंढपाळाची उलट हाळी आल्याशिवाय पुढे पाऊल टाकू देत नाही. या डोंगरांत अस्वलं आहेत, लांडगे आहेत, अगदी थोडे बाल्कन लिंक्सही आहेत. पण चालणाऱ्याने खरी सावधगिरी बाळगायची ती या कुत्र्यांपासून. झाडांवर-दगडांवर लाल-पांढरे पट्टे आहेत, फोनवर नकाशे आहेत, त्यामुळे तरबेज माणूस व्हाल्बोना-थेथ वाट एकटाही करू शकतो. दूरच्या टप्प्यांवर मात्र धुकं उतरलं की पट्टे दिसत नाहीत, आणि फोनला रेंज नसते. आल्प्समध्ये हाक मारली की हेलिकॉप्टर येतं; इथे ते गृहीत धरू नये.

मोठं सामान घोड्यावर लादून पलीकडे जातं. पाठीवर फक्त दिवसाची पिशवी. तंबू, शिधा, भांडी काही नाही. आपल्याकडे ट्रेक म्हटलं की वीस-बाविशीतली मुलं आणि रात्रीची एसटी डोळ्यांपुढे येते. या सहलींत पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसं बहुसंख्य असतात. दर महिन्याला सिंहगड चढणाऱ्या साठीच्या माणसाने दोन-तीन महिने नेटाने तयारी केली, तर त्याला हे जमण्यासारखं आहे.

संध्याकाळी गट ज्या घरात उतरतो ते हॉटेल नसतं. 1991 मध्ये राजवट कोसळली, सीमा उघडल्या आणि डोंगर रिकामे होऊ लागले. थेथची बहुतेक कुटुंबं श्कोडरला गेली. हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद होई तेव्हा गावात मोजकी माणसं उरत. 2000 नंतरच्या दशकात जर्मन विकास संस्थेने काही कुटुंबांना घरं दुरुस्त करायला, खाटा-न्हाणीघरं करायला मदत केली आणि वाटांना खुणा झाल्या. पाहुणा ठेवायची रीत शिकवावी लागली नाही, ती घरात होतीच. अवघड गेलं ते पाहुण्याकडून पैसे घेणं. ज्या कायद्यात पाहुण्यापुढे भाकरी ठेवणं हे कर्तव्य, तिथे भाकरीचं बिल करायचं! आज रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरून माणशी दर ठरलेला असतो.

जेवणाची काळजी शाकाहारी माणसालाही नको. मक्याची भाकरी, घट्ट दही, खारं पांढरं चीज, टोमॅटो-काकडीची कोशिंबीर, भात भरलेल्या मिरच्या, पांढऱ्या घेवड्याची आमटी. 'धाल' म्हणजे आपलं ताक, मीठ घालून. आणि 'फ्ली': पातळ पिठाचे थर एकावर एक ओतून, दर थराला निखाऱ्यांनी तापवलेलं झाकण वर ठेवून भाजायचे. एक फ्ली व्हायला काही तास जातात, आणि ते तास घरातली बाई चुलीपाशी घालवते. पाहुणचाराचं श्रेय कानूनाला मिळतं, कष्ट तिचे असतात. जेवून उठताना तिच्याकडे पाहून 'फालेमिंदेरित' म्हणा. धन्यवादासाठीचा हा शब्द लांबलचक आहे, पण पाठ करण्यासारखा आहे.

काही शब्द तर पाठही करावे लागत नाहीत. 'द्युचान' म्हणजे दुकान, 'पाझार' म्हणजे बाजार, 'हेसाप' म्हणजे हिशेब, 'मेय्दान' म्हणजे मैदान, 'बकशिश' म्हणजे बक्षिसी. 1912 पर्यंत सुमारे पाच शतकं इथे उस्मानी तुर्कांचा अंमल होता, आणि तुर्कीतून फारसी-अरबी शब्द इथे उतरले. त्याच सुमारास तेच शब्द दख्खनच्या सुलतानांच्या दरबारांतून मराठीत येत होते. मानेचं मात्र सांभाळा. जुनी माणसं 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणताना वरखाली.

खिंड ओलांडताना आणखी एक सीमा ओलांडली जाते, जी नकाशावर नाही. व्हाल्बोनाकडची गावं मुस्लिम, थेथ कॅथलिक. थेथचं लहानसं दगडी चर्च 1892 चं. धर्मबंदीत ते बंद होतं, आता उघडं आहे. शापित डोंगरांच्या प्रत्येक फोटोत दिसतं ते हेच. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या लग्नकार्याला जातात, सणाला एकमेकांच्या दारी जातात. देवाचं नाव घ्यायलाच बंदी होती ती वर्षं दोघांनी सारखीच काढली आहेत.

आता काळजीची बाब. 2023 मध्ये अल्बानियात एक कोटीहून अधिक परदेशी प्रवासी आले, देशाच्या लोकसंख्येच्या चौपट. बहुतेक समुद्रकिनाऱ्यावर गेले, पण थेथपर्यंत आता डांबरी रस्ता झाला आहे आणि दिवसाच्या दिवसात श्कोडरहून येऊन-जाऊन करणाऱ्या गाड्यांची रांग लागते. जुन्या दगडी घरांशेजारी झटपट बांधकामं उठली आहेत. व्हाल्बोना नदीवर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जलविद्युत प्रकल्प उभे राहिले, गावकरी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले. दक्षिणेत व्योसा नदी वाचली. मार्च 2023 मध्ये ती ग्रीसच्या सीमेपासून मुखापर्यंत राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली. उत्तरेतही थेथ आणि व्हाल्बोनाची जुनी उद्यानं 2022 मध्ये एकत्र करून मोठं उद्यान केलं आहे. कागदावरचं संरक्षण खोऱ्यात किती उतरतं, हे पुढच्या काही वर्षांत ठरेल. गाडीतून उतरून फोटो काढून जाणारा पाहुणा गावाला धूळ आणि कचरा देऊन जातो. चालत येणारा गट दोन रात्रींचं भाडं, घोडेवाल्याची मजुरी, वाटाड्याचा पगार आणि चीजचे पैसे मागे ठेवतो. गटाने, वाटाड्यासोबत, चालत जा असं मी म्हणतो त्यामागचं पहिलं कारण हे आहे, सुरक्षितता दुसरं.

भारतातून थेट विमान नाही. इस्तंबूलमार्गे जाणं सोयीचं. पूर्वी वापरलेला आणि अजून मुदतीत असलेला शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा बहुप्रवेश व्हिसा असेल तर अल्बानियाचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही; तरी निघण्यापूर्वी वकिलातीचा ताजा नियम पाहावा. तीन देशांची पूर्ण वाट करायची असेल तर ध्यानात ठेवा की भारताने कोसोव्होला मान्यता दिलेली नाही, त्यामुळे तिथली प्रवेशाची कागदपत्रं स्वतंत्रपणे तपासा. गट निवडताना एकच प्रश्न विचारा: वाटाडा कुठला आहे आणि रात्री कोणाच्या घरी? उत्तरात गावाचं आणि घराचं नाव आलं तर पैसे भरा.

मे महिन्यात खिंडीवर बर्फ असतं, ऑगस्टमध्ये गर्दी. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम: हवा कोरडी, चीज तयार, मेंढपाळ अजून वर. आणि खिंड उतरून थेथला पोचलात की त्याच संध्याकाळी श्कोडरची गाडी धरू नका. दोन रात्री तरी राहा.